मामांनी दाखवलेली वसई

रातमामा दिवसा रिक्षा काढतच नसत. "दिवसा वसई सगल्यांची. रातची माझी," म्हणायचे. माणिकपूरच्या स्टँडवर दहा वाजता यायचे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा आवडला नाही तर सरळ तोंड फिरवायचे. मूळचे खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरचे, मिजास भारी.

मी गोखिवऱ्यात फ्लॅट घेतलेला कोकणी. "वसईत रात्री असतं काय? किल्ला, तोही बंद!" असं एकदा त्यांच्या रिक्षात बोलून गेलो. मामांनी कचकन ब्रेक दाबला. "उतर, नायतर गप बस." गप्प बसलो, म्हणून वसई पाहिली.

मामांच्या लेखी प्रत्येक आळीची रात्र वेगळी. माणिकपुरात बेकरीच्या मागच्या दारी पहिला गरम पाव. गोखिवऱ्यात कारखान्यांची पाळी सुटल्यावर अंडापावच्या गाडीशी साहेबांच्या नकला करणारे कामगार. आणि गिरीजला बयची पडवी. तिथल्या वळणावरच मामा इंजिन बंद करून रिक्षा ढकलत नेत. "मान्सं कामात हायत," एवढंच सांगत.

पडवीत पाच-सहा म्हाताऱ्या सकाळच्या बाजारासाठी भाजीच्या जुड्या बांधायच्या आणि लग्नातली जुनी गाणी गायच्या. बय त्यांतली थोरली. त्या ख्रिस्ती, मामा हिंदू, बोलीसुद्धा वेगळी. पण मामांचा चहा बशीखाली झाकून ठेवलेला असायचाच. हा माणूस रिक्षा ढकलत का आणतो, एवढ्यावरून मला अक्कल यायला हवी होती. नाही आली.

उलट माझ्या अंगात लेखक शिरला! 'रात्रीची वसई, आळीवार' अशी यादी करून फोनवरून सगळीकडे टाकली. बयच्या पडवीची वेळ, पत्ता, वर चोरून काढलेला गाण्याचा व्हिडिओ. लोक वाहवा करत सुटले आणि मी मूर्ख फुगलो.

पुढच्या शनिवारी गिरीजला मोटारींची रांग लागली. एका दिवट्याने बयच्या तोंडावर फोनचा उजेड मारून फर्मावलं, "आजी, वो वाला गाना फिर से!" अजून डोकं फिरतं. त्याच्यावर फिरतं, माझ्यावर जास्त. बयने अर्धी जुडी तशीच टाकली, आत गेली, दार लावलं. तेव्हापासून पडवीत दिवा नाही. बयने माझ्याबद्दल मामांना एकच विचारलं, "तो मेला तूच आणलेला ना?" मामांचा चहा बंद झाला. वीस वर्षांचा चहा, माझ्या हौसेपायी!

मी स्टँडवर गेलो. "मामा, चुकलो. यादी काढून टाकली."

मामांनी मानेनेच बसायला सांगितलं. एरवी ते मला चार आळ्या फिरवून मग घरी सोडत. त्या रात्री हमरस्त्याने, एकाही गल्लीत न वळता, थेट दारात आणलं.

"घर आला तुजा," समोर बघत म्हणाले. "आज काय बी दाखवला नाय. लिव आता."