बोर्डाचं लायसन

खंडेनवमीला आमच्या राणीसावरगावात ज्याच्यावर घर चालतं त्या हत्याराची पूजा होते. आमचं घर भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनवर चालायचं. ब्लाउजच्या बाह्या, शाळांचे बिल्ले, लग्नातले शेले, सगळं तीच भरायची. त्याआधी मी आणि माझे मालक दरवर्षी ऊसतोडीला जायचो. मशीन आली आणि ते सुटलं, पोरगी पहिल्यांदाच एका शाळेत वर्षभर टिकली. म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी मनोभावे शिंपडलं. सुयांवर शिंपडलं आणि कॉम्प्युटरच्या डब्यावरही. आत काहीतरी चटकन वाजलं आणि पडदा काळा झाला.

दसरा झाल्यावर परभणीहून मेकॅनिक आला. मोटार, सुया, चौकट सगळं ठणठणीत होतं, जळाला होता तो फक्त आतला बोर्ड. त्यानं बाजारातला चांगला बोर्ड बसवला. पडदा उजळला तेव्हा आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग इंग्रजीत एक ओळ उमटली आणि मशीन जागची हलेना. मेकॅनिकनं अर्थ सांगितला: हा बोर्ड कंपनीच्या मान्यतेचा नाही. मशीन चालवणारी सिस्टिम कंपनीची, आणि तिचं लायसन कंपनीचा शिक्का असलेल्या बोर्डालाच बांधलेलं. दुसरा बोर्ड दिसला की ती सरळ तोंड फिरवते. त्यानं साध्या कॉम्प्युटरची सिस्टिम घालून पाहिली, पण तिला सुया चालवणं जमेना. कंपनीचं लायसन तोडून तिची सिस्टिम घालायची करामत आपल्याकडं नाही, असं सांगून तो गंगाखेडची गाडी पकडायला निघून गेला.

मी कंपनीला फोन लावत बसले. आधी गाणं ऐकवायचे, मग नंबर दाबायला लावायचे, मग पुन्हा गाणं. शेवटी एक गोड बोलणारा पोरगा भेटला. आमच्या मशीनचा शिक्क्याचा बोर्ड आता निघत नाही म्हणाला, नवी मशीन घ्या म्हणाला. माझं डोकं फिरलं.

"मशीन माझी हाय, माझ्या घरात हाय. मग चालवायला तुमची परवानगी कशापायी?"

"मॅडम, लायसन तुमचं नव्हतंच. ते त्या बोर्डाचं होतं."

त्याला मी काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. त्यानं ते सगळं शांतपणे ऐकलं आणि आणखी काही मदत हवी का असं विचारलं. मग मी रडले, त्याच्या विनवण्या केल्या. तोडीची गाडी निघायच्या आत काहीतरी करा म्हणाले. त्याला तोडीची गाडी म्हणजे काय ते कळलंही नसेल.

तोवर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम दारात येऊन गेला होता. तोडीला नवराबायकोची जोडी लागते, एकट्या मालकांना तो नेईना. आत्याबाई त्याच्या पाया पडल्या. सुनेच्या जागी मला ने, मी अजून मोळी उचलते म्हणाल्या. त्यांना धड वाकताही येत नाही. मुकादम नुसता हसला. मला त्यांचा इतका राग आला होता की मी त्यांना उठवायलाही गेले नाही. पोरीला त्यांच्यापाशी ठेवून आम्ही गाडीत बसलो.

परवा दुपारी उसाच्या फडातून घरी फोन केला. पोरगी हळू आवाजात बोलायला लागली.

"आई, आजी रोज मशीनपुढं दिवा लावती आन बटन दाबती. ती इंग्रजी वळ येती, मग पुन्यांदा दाबती. म्या सांगितलं तर ऐकत न्हाई. तू सांग ना आजीला, ते चालू होणार न्हाई म्हणून."

मी फोन दे म्हणाले. आत्याबाईंचा श्वास ऐकू आला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दाबत ऱ्हावा, आत्याबाई."