दुसऱ्या उकळीचा काढा

उपासनाच्या क्लिनिकात मी फ्रंट डेस्कला बसते. पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं होतं, तुझ्या या चिनी औषधावर माझा काडीचा विश्वास नाही. ती म्हणाली, चालेल सुलेखाकाकू, तुम्हाला फोन उचलायचाय, सुया नाही टोचायच्या. तेव्हापासून आमचं बरं जमतं. तिला वाटतं मी हळूहळू बदलतेय, आणि मी तिला तसं वाटू देते.

सिएटलजवळ बॉथेलला एका डेंटिस्टाच्या शेजारी तिचं दुकान आहे. दुकान म्हटलेलं तिला आवडत नाही, पण आत शिरल्यावर मागची भिंतच्या भिंत काचेच्या बरण्यांनी भरलेली दिसते. मुळ्या, साली, वाळकी फळं, भुंग्याच्या पंखासारखं काहीतरी काळं. मग मी दुसरं काय म्हणणार? पडद्याआड दोन पलंग आहेत. तिथे माणसं अंगभर सुया टोचून घेतात आणि वर घोरतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पोरगी नागपूरची, फार्मसी शिकलेली. नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इकडे आली, व्हिसापायी घरात बसली आणि अर्धशिशीने हैराण झाली. गोळ्या करून झाल्या, स्कॅन झाले. शेवटी शेजारच्या चिनी बाईने तिला आपल्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डोकं दुखायचं राहिलं. दुसरी कोणी असती तर पेढे वाटून मोकळी झाली असती. हिने सिएटलच्या कॉलेजात नाव घातलं. आधी स्वतःच्या पोटऱ्यांवर सुया टोचून शिकली, वर्षानुवर्षं घासली, परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं. सासरी नागपूरला म्हणायचे, सून अमेरिकेत जाऊन वैदू झाली. हिने मनावर घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही.

आपल्या लोकांना समजावणं तिला सोपं जातं. पपई उष्ण आणि ताक थंड, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती म्हणते, चिनी वैद्य तेच बघतो. अंगात ऊन जास्त झालंय की सावली, कोरडं पडलंय की ओल धरलीय. ऊन आणि सावलीचा तोल गेला की माणूस आजारी. त्या दोघांना ते यांग आणि यिन म्हणतात. अंगातून जी शक्ती वाहते ती ची. ती कुठे तुंबली की तिथे दुखायला लागतं. सुई त्या वाटेवर टोचायची, पेला लावून जांभळा डाग उठेपर्यंत कातडी वर ओढायची, नाहीतर काढा द्यायचा. त्याआधी जीभ बघायची आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. कोणी म्हणालंच की हा तर आपला आयुर्वेदच झाला, की बाईसाहेबांचा पारा चढतो. पोळी गोल आणि मेक्सिकन लोकांचा टॉर्टियाही गोल, म्हणून दोन्ही एक होतात का, असं ती फाडकन विचारते.

एका बाबतीत मात्र मी तिला मानते. तुम्ही कुठल्या गोळ्या घेता, हे ती तोंडी ऐकत नाही. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला लावते. आपले लोक 'बीपीची एक छोटीशी गोळी' म्हणतात आणि पिशवीतून अख्खं मेडिकल स्टोअर निघतं.

पायल तिची पेशंट. बायोटेकमध्ये नोकरीला. दर महिन्याला पोटातल्या कळांनी दोन दिवस अंथरुणात. उपासनाने तिला सुया सुरू केल्या आणि काढ्याची पाकिटं दिली. त्यात डांग-ग्वे नावाची दुधी रंगाची मुळी होती, चकत्या केलेली. रक्त खेळतं ठेवते म्हणे. काही महिन्यांत पायल हसत यायला लागली. खरं सांगायचं तर मीही जरा चकित झाले होते, पण तिला तसं बोलले नाही.

मग पायलच्या सासूबाई नागपूरहून आल्या. रत्नाबाई. रविवारी कोणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला त्यांची आणि उपासनाची गाठ पडली. गाव एक निघालं, माणसं ओळखीची निघाली. रत्नाबाईंना आनंद झाला की आपल्यातलीच मुलगी इथे डॉक्टर आहे. आठवड्याच्या आत मुलाला, राकेशला, घेऊन त्या क्लिनिकात हजर. गुडघे दुखायचे त्यांचे. मोठ्या आशेने आल्या होत्या.

उपासनाने पिशवी उघडली आणि पहिलीच बाटली बघून थांबली. रत्नाबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोजची. उपासनाने राकेशला समजावलं की यावर पेले लावता येणार नाहीत, काढा तर अजिबात नाही, आणि सुयासुद्धा त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. राकेशला पटलं. रत्नाबाई बाटल्या पुन्हा पिशवीत भरत होत्या. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता. सगळं पाच मिनिटांत उरकलं आणि मी त्यांना दार उघडून दिलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका शनिवारी दुपारी, पायल आतल्या पलंगावर सुया लावून पडली होती. मी बाहेर होते. पडद्यातून तिचा आवाज आला. ती उपासनाला म्हणत होती की ताई, तुम्ही आईंना चोरून पेले लावलेत ना? दंडावर केवढे जांभळे गोल डाग पडलेत. विचारलं तर काही सांगत नाहीत, मला वाटलं तुमचंच काम असणार.

मग उपासना म्हणाली, "मी त्यांना हात पण लावलेला नाही."

मी पडदा सारून आत गेले. उपासना पायलच्या सुया भराभर काढत होती आणि विचारत होती. हिरड्यांतून रक्त येतं का? गोळी वेळेवर घेतात ना? डबल तर घेतली नसेल? पायलला काही सांगता येईना. राकेश लेकीला, केयाला, घेऊन स्विमिंगला गेला होता. म्हणजे घरात रत्नाबाई एकट्या. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उपासनाने पर्स उचलली आणि मला म्हणाली, काकू, तुम्ही ड्राइव्ह करा.

शनिवारचा ट्रॅफिक होता. मी आयुष्यात कधी कोणाला कट मारला नाही, त्या दिवशी दोघांना मारला. मागे पायल सारखा फोन लावत होती. उपासना पुढे बसून काहीतरी जुळवत होती आणि जुळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की पातळ रक्ताची बाई घरात एकटी आहे आणि फोन उचलत नाही.

दार उघडलं तर रत्नाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या. नाकाला नॅपकिन. तो लाल झालेला, मांडीवर दुसरा, तोही लाल. रक्त थांबतच नव्हतं. डोकं फार दुखतंय म्हणाल्या, आणि बोलणं जरा जड येत होतं. पायलने तिथल्या तिथे नाइन-वन-वन लावला. उपासनाने त्यांना पुढे वाकवून नाक चिमटीत धरलं, आणि धरता धरता तिची मान किचनकडे वळली. वास येत होता. सेलरीसारखा, मातकट, उग्र. मी रोज त्या बरण्यांजवळ बसते, मलासुद्धा ओळखू आला.

शेगडीवर छोटं पातेलं होतं, आच मंद. आत पायलच्या काढ्याचा चोथा पुन्हा उकळत होता.

"हे कोण पितं?" उपासनाने विचारलं.

"चहा आहे," रत्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पायल रडकुंडीला आली. रोज सकाळी काढा गाळून ती चोथा सिंकपाशी गाळणीत तसाच ठेवून ऑफिसला पळायची. संध्याकाळी गाळणी घासलेली मिळायची. तिला वाटायचं, आई किती मदत करतात. अहो, आपल्याकडे कुठल्या बाईने काढा एका उकळीत टाकून दिलाय? सुंठ असो, अडुळसा असो, दुसऱ्यांदा उकळायचाच. आणि दुसऱ्या उकळीत काय दम असणार, असं आपण धरून चालतो. मला तरी कुठे माहीत होतं! चिनी लोक मुळात दोन्ही उकळ्या एकत्र करून पितात, दुसरीतही औषध असतंच. नोकरीवाल्या पायलला झेपावं म्हणून उपासनाने एकीवर भागवलं होतं, बाकी टाकून दे म्हणून सांगितलं होतं. त्या टाकायच्या काढ्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर आणखी वाढवला होता.

ॲम्ब्युलन्स आली. पायल तिच्यात बसली. आम्ही दोघी मागून गाडीने निघालो. उपासनाने पातेल्यातला चोथा प्लास्टिकच्या डब्यात भरून घेतला होता, तो मांडीवर धरून ती बसली होती. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी इंजिन बंद केलं आणि मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, आत जाऊन स्वतःहून तोंड उघडू नकोस. पाकिटावर तुझं नाव आहे. घरातला प्रश्न आहे, सुनेला सांगू दे. तुझं लायसन्स गेलं तर पुन्हा मिळणार आहे का?

"काकू, पायलला त्या मुळीचं नावही येत नाही," ती म्हणाली. "डॉक्टर शोधत बसतील. तेवढा वेळ नाहीये रत्नाबाईंकडे."

आणि डबा घेऊन तरातरा चालायला लागली. मला तिचा भयंकर राग आला. तितकाच अभिमानही वाटला, तो मी गिळला.

डॉक्टर तरुण होती. उपासनाने तिला उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मी अ‍ॅक्युपंक्चरिस्ट, हा काढा माझा, सुनेसाठी दिलेला, यात अमुक मुळी आहे, पेशंटला ही गोळी चालू आहे, किती दिवस प्यायल्या ते माहीत नाही. डॉक्टरने डबा हुंगला, नाक मुरडलं नाही, लिहून घेतलं. रक्ताचा रिपोर्ट आला. रक्त गोठण्याचं नावच घेत नव्हतं. गोळीचा असर उतरवायचं औषध लावलं, पण तेही जपून, कारण रक्त फार घट्ट झालं तर झडप बंद पडायची. इकडे आड, तिकडे विहीर. आणि डोकं दुखत होतं म्हणून मेंदूत रक्तस्राव झालाय का, ते बघायला स्कॅनला नेलं.

आम्ही बाहेर बसलो. मी कधी फारसे हात जोडत नाही, त्या दिवशी जोडले.

तेवढ्यात राकेश आला. केयाला शेजाऱ्यांकडे सोडून धावत आला होता. पायलने त्याला कसंबसं सांगितलं. तो उपासनासमोर उभा राहिला. तुम्हाला माहीत होतं आई ब्लड थिनरवर आहे, माहीत असून असलं विष माझ्या घरात पाठवलंत, असं तो तावातावाने बोलत सुटला. मग बायकोकडे वळला. तुला दिसलं नाही? घरात राहतेस ना? पायल मुसमुसायला लागली. त्याने फोन काढला, स्टेटकडे कंप्लेंट कशी करायची ते तिथेच शोधायला लागला. म्हणाला, यांचं दुकान बंद करतो. मी उठले होते त्याला चार शब्द सुनवायला. उपासनाने माझा हात दाबून मला खाली बसवलं. 'तुमच्या आईने चोरून घेतलं' हे एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. बोलली नाही.

स्कॅनचा निकाल यायला वेळ लागला. राकेश येरझारा घालत होता. आमच्यातलं कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शेवटी डॉक्टर आली आणि म्हणाली की मेंदूत रक्त नाही. नाकाचं रक्तही थांबत आलंय. काय आहे ते आल्या आल्या कळलं म्हणून औषध लगेच देता आलं. पायल भिंतीला टेकून खाली बसली.

आम्हाला आत सोडलं. रत्नाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या, नाकात कापूस, दंडावर ते डाग. राकेशने त्यांचा हात धरला, आणि धरल्याधरल्या पुन्हा उपासनावर घसरला. आई, यांना मी सोडणार नाही, म्हणाला.

"तिच्यावर ओरडू नको," रत्नाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "मीच पिली. ती नाही म्हणाली होती. सूनबाई फेकत होती, मी उकळून पिली. तिचं दुखणं गेलं, म्हटलं माझेही गुडघे राहतील."

राकेश गोंधळला. सुनेसमोर, परक्या माणसांसमोर आईला हे बोलायला किती जड गेलं असेल, ते त्याला कळलं की नाही, कोण जाणे. त्याचा राग अजून उतरला नव्हता. "अगं पण मला सांगायचं ना आई! गुडघे एवढे दुखत होते तर मला सांगायचं!"

रत्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग त्यांनी विचारलं, "कोणता दुखते रे माझा? उजवा का डावा? सांग."

राकेशने पांघरुणाकडे पाहिलं, मग पायलकडे. पायलने उपासनाकडे पाहिलं. उपासनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जीभ बघणारी, नाडी बघणारी ती. त्या दिवशी बाटली बघितली आणि तिथेच थांबली, गुडघ्यांपर्यंत पोचलीच नाही. मी तर त्यांना दार उघडून दिलं होतं. आम्ही चौघंजण त्या पलंगाभोवती उभे होतो, आणि आमच्यातल्या एकालाही सांगता येईना.