स्पीकरवर बाबा

खुर्चीत बसलं की पाय हलवायची मला लहानपणापासून सवय. त्या दिवशी ठाण्यातल्या एका न्यूज पोर्टलच्या ऑफिसात, रिसेप्शनच्या सोफ्यावर, माझा पाय इतका हलत होता की शेजारी बसलेला उमेदवार शेवटी म्हणाला, "मॅडम, सोफा हलतोय." मी म्हटलं, "मग उभे राहा." पत्रकारितेचा डिप्लोमा होऊन दीड वर्ष झालं होतं आणि माझी जीभ रोज थोडी थोडी तिखट होत चालली होती.

ही चौथी मुलाखत. पहिल्या ठिकाणी स्वतःचा लॅपटॉप नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी मी सिद्धगडाच्या पायथ्याला राहते म्हटल्यावर साहेब खूश झाले, वीस मिनिटं ट्रेकिंगची माहिती विचारून घेतली आणि कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिसरीबद्दल न बोललेलंच बरं. बाबांनी मला आवणीपर्यंतची, म्हणजे भाताची रोपं लावायला घेईपर्यंतची मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर चुलत्यांनी मुरबाडच्या एमआयडीसीत बघून ठेवलेलं डाटा एंट्रीचं काम मुकाट धरायचं. होळी होऊन गेली होती. मी दिवस मोजत होते.

सोफ्यावरचा उमेदवार आसनगावचा निघाला. आपल्या पट्ट्यातलं माणूस म्हटल्यावर त्याने माझं मघाचं बोलणं माफ केलं. अशा ठिकाणी तो बराच फिरलेला होता. "व्हिडिओ दाखवतील, दहा मिनिटांत बातमी लिहायची," तो हळूच म्हणाला. "मसाला टाक. थैमान, तांडव, हाहाकार. साधं लिहिलंस की गेलीस. मी मागच्या टायमाला साधं लिहिलं होतं."

तसंच झालं. मला एका कॉम्प्युटरपुढे बसवलं. व्हिडिओत संध्याकाळची वेळ, डोंगराचा उतार, सहासात ठिकाणी आग, धुराचे लोट, आणि हातात हिरव्या डहाळ्या घेऊन पळणारी बायामाणसं. खाली लिहिलं होतं, मुरबाड तालुका, वाचकाने पाठवलेला व्हिडिओ.

मला पहिल्या नजरेतच कळलं. तो राब होता. भाताचं रोप ज्या तुकड्यावर पेरायचं तिथे शेण, छाटलेल्या फांद्या, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर माती भुरभुरवायची आणि उन्हाळ्यात ते सगळं भाजायचं. वारा बघून पेटवतात. घरची माणसं डहाळ्या घेऊन चारी बाजूंनी उभी राहतात, ठिणगी बांधाबाहेर गेली की झोडपायला. मीही दरवर्षी उभी राहते. माझ्या मनगटावर त्याचा एक डाग आहे. एकदा कोणी ट्रेकर 'वणवा, वणवा' म्हणत आमच्या राबाचं शूटिंग करत होता. बाबांनी त्याला बांधावर बसवून चहा पाजला आणि राब म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. त्याने व्हिडिओ पुसल्याशिवाय त्याला उठू दिलं नव्हतं.

मी टाइप केलं, 'हा वणवा नाही, राब आहे.' मग त्या ओळीकडे बघत बसले. ती मला अगदी शाळेच्या निबंधातली वाटली. इथे एसीत बसून राब कोण वाचणार? घड्याळात सात मिनिटं उरली होती. मी ती ओळ पुसली आणि लिहिलं, 'मुरबाडमध्ये वणव्याचे थैमान, जीव मुठीत धरून ग्रामस्थांची धावपळ.' पुढचं भराभर सुचत गेलं. लाज वाटते सांगायला, पण लिहिताना मला मजा आली.

मुलाखत घेणाऱ्या संपादकबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझी बातमी वाचली, अर्ज उलटून पत्ता बघितला. "तुम्ही तिथल्याच की. मग आत्ता गावात कुणाला तरी फोन लावा आणि खात्री करून घ्या. स्पीकरवर ठेवा."

मला एकच नंबर आठवला. एका रिंगमध्ये फोन उचलला गेला.

"काय गो, झाला का इंटरव्यू? जेवलीस का?"

"बाबा, आपल्याकडे डोंगराला वणवा लागला आहे का?"

"वणवा? नाय. सगल्यांचे राब भाजायचे चाललेत. आपला बी काल भाजला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी घरी अशी पुस्तकातल्यासारखी कधी बोलत नाही, त्यावरूनच बाबांना कळलं असणार की मी एकटी नाही. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"का गो? तुला वणवा पायजे का? तुझं काम होत असंल तर मी वणवाच सांगतो. कोनीबी विचारू दे. किती जळलं म्हनून सांगू?"

माझा हलणारा पाय थांबला. एका अनोळखी माणसाला राबाला वणवा म्हणू दिलं नव्हतं त्यांनी, आणि आता माझ्यासाठी विचारत होते, किती जळलं सांगू. मला तिथेच रडू फुटेल असं वाटलं. "नाय बाबा, राबच हाय. राबच सांगा," एवढं म्हणून मी फोन ठेवला.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "व्हिडिओ बघताना तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग लिहिलं का नाहीत?"

"तुम्हाला वणवाच हवा असेल असं वाटलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "सकाळपासून सगळ्यांनी वणवाच लिहिलाय. पण त्यांना माहीत नव्हतं." मग म्हणाल्या, "कळवतो." त्या 'कळवतो'चा अर्थ मला चौथ्या खेपेला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी पोचले तेव्हा बाबा राबाच्या राखेत काठी घालून, खालची माती नीट भाजली का ते बघत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "मी आधी राब बोललो, त्यानंच बिघडलं ना?" मी म्हटलं, तुमचं काहीच चुकलं नाही, चूक माझी आहे, मी खोटं लिहिलं होतं. ते हूं म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. मुलगी आपलं मन राखतेय असंच त्यांना वाटलं, आणि अजून तसंच वाटतं.

आवणी झाली. मी एमआयडीसीत डाटा एंट्री करते, टेबलाखाली पाय हलतच असतो. आणखी दोन ठिकाणी अर्ज टाकलेत. दुपारच्या सुट्टीत मी घरी फोन लावते. पूर्वी बाबा उचलल्या उचलल्या विचारायचे, जेवलीस का. आता आधी विचारतात, "एकटीच हाईस ना गो? कोन ऐकत नाय ना?" मी हो म्हटल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत.