मामाला पाठवलेला फोटो

टीव्हीवर मी बायकांचा कायापालट करते. आधीचा रडका चेहरा डावीकडे, नंतरचा हसरा उजवीकडे आणि मधे मी, दात काढून उभी. पण त्या उन्हाळ्यात शूटिंग गेलं खड्ड्यात म्हणून मी आष्टीला आईपाशी येऊन बसले होते. तिच्या पोटातली गाठ लिव्हरपर्यंत गेल्ती. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या.

आईला एकच पाहिजे होतं, एकदा माहेरी, राजूरला जायचं. मी म्हटलं, "चल, गाडी दारात उभी आहे." तर म्हणे, "भाऊ न्यायला आल्याबिगर कसं जायाचं? मी काय सासरी भांडून निघाले का?" बरं, भावाला आपण होऊन सांगावं, तर तेही बिलकुल न्हाई! त्यानं ओळखायला पाहिजे. आईपुढं मी हात टेकले.

मामा भेटायला येणार कळलं तशी ती माझ्या मागंच लागली. "हे पिवळं तोंड पाहून घाबरंल गं तो. मला जरा बरी कर." केली मी बरी. कावीळ झाकली, गालांवर रंग आणला, डोळ्यांखालचे खड्डे भरले. मामा बघतच राहिला. "आक्का, तू तर ठणठणीत दिसून राह्यली! पंचमीला येतो न्यायला, बराबर." चहा प्याला आणि एसटी गाठायला पळालासुद्धा. तो दिसेनासा झाला तशी आई उशीत तोंड घालून रडायला लागली. पंचमी कोणी पाहिली होती!

मी मामाला फोन लावला, तर एसटीच्या खडखडाटात त्याला काही ऐकूच येईना. मंग मी आईचं तोंड पुसलं, धुतलं आणि तसाच फोटो काढला. त्याला कळावं म्हणून सकाळी रंगवून झाल्यावर काढलेला फोटोही जोडला. हाताला मेली सवय! धुतलेला डावीकडे, रंगवलेला उजवीकडे.

मामाचं उत्तर आलं, "लई फरक पडला आक्काला. गणपती पावला."

मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. तरी परत लिहिलं, "मामा, उलटं आहे. पिवळी ती आत्ताची आहे. आई चाललीय मामा. पंचमी नको, आजच न्या."

मी दार आणि खाट, दार आणि खाट करत राहिले. देवाला काय काय बोलले ते मलाच ठाऊक.

ऊन उतरता उतरता अंगणात मामाचा आवाज आला. आईनं झटकन पदर तोंडावर ओढला. "पाहू नको रे, मी आवरलं न्हाई."

मामा खाटेवर टेकला. पदराला त्यानं हात लावला नाही. "आक्का, ऊठ. न्यायला आलो."

पदराआडून आई म्हणाली, "पिशवी खाटंखाली हाय. कवाची भरून ठिवली."