मानाचे जोडे

गेल्या महिन्यात पुतण्याच्या वास्तुशांतीहून मी घरी आलो, तो दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. डावी माझी, तपकिरी. उजवी कुणाची तरी काळी, शिवाय सैल. हैदराबादेत आमच्या नारायणगुड्याला रिक्षातून उतरलो, जिना चढलो, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोललो – आणि दारात बायकोनं पायांकडे पाहिलं तेव्हा कुठे मला कळलं. आता तुम्ही म्हणाल, होतं असं वयानुसार. पण माझं आडनाव पायपोसे आहे हो! पायपोस म्हणजे जोडा. जोड्यांवरून ज्याच्या कुळाला नाव पडलं, त्यानंच असं करावं?

बायकोनं पाठवलेला माझ्या पायांचा फोटो पुतण्यानं घराण्याच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘काकांचे मानाचे जोडे गहाळ. सापडल्यास दरबारात जमा करावेत.’ सगळे हसले. मला मात्र हसू येईना. का येईना – ते मी तोवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्यात गोष्टी सांगणारा म्हणून मीच प्रसिद्ध. लग्नामुंजीत पोरं माझ्याभोवती गोळा होतात. पण ही एक गोष्ट मी गिळून बसलो होतो.

‘मानाचे जोडे’ म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्या मूळपुरुषानं लढाईत पराक्रम केला, राजानं खूश होऊन स्वतःच्या पायातले जोडे त्याला बहाल केले, ते त्यानं देव्हाऱ्यात ठेवून पुजले – म्हणून आम्ही पायपोसे. छान आहे ना? भरतानं पादुका पुजल्या तसंच जवळपास. ही कथा आता आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. एके काळी हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टरीत आमचं आडनाव शोधून काढावं लागे, इतके कमी जण ते लावत. शाळेत हजेरीला वर्ग हसायचा. लाजेनं आडनाव बदललेला एक चुलतभाऊ ही कथा ऐकून पुन्हा पायपोसे झाला. पुतणीनं लग्नानंतरही हेच आडनाव ठेवलंय. पुतण्यानं तर जोड्यावर मुकुट काढून कुळाचं चिन्ह केलंय.

कथा खोटी आहे. मी रचलेली.

खरी गोष्ट दत्तूकाकांची. दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अंबरपेठला एकटे राहत. त्यांच्या गोष्टीत मूळपुरुष नांदेडकडून पोटासाठी इथे आला आणि एका नवाबाच्या देवडीच्या, म्हणजे वाड्याच्या, दाराशी पाहुण्यांचे जोडे राखायला बसला. एकदा मैफलीत शामियान्याला आग लागली. पाहुणे अनवाणी पळाले. हा मात्र धुरात शिरून उपरण्यात बांधून सगळ्यांचे जोडे घेऊन आला. स्वतःचे तेवढे आत राहिले, जळाले. नवाब हसून म्हणाला, हा खरा पायपोसवाला. झालं, नाव पडलं.

तेव्हापासून आमच्यात एक रीत होती. घरात कार्य असलं की कुळातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषानं उंबऱ्याशी बसून पाहुण्यांची पादत्राणं जोडीजोडीनं, टोकं बाहेर करून लावायची. निघताना पाहुण्यानं नुसता पाय सरकवावा. ही वडीलकीची जागा होती, बरं का – दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. वडील गेल्यावर... गेल्यावर काय, आधीपासूनच, ती जागा दत्तूकाकांची.

आता माझ्याकडे येतो. टाळत होतो.

बाजार नुकताच खुला झाला होता. गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, आणि मी एका परदेशी कंपनीची धुण्याची यंत्रं विकायला लागलो होतो. मला टाय मिळाला होता. तो मी भर मे महिन्यात, स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसूनही काढत नसे – यावरून माझी अवस्था ओळखा. मुलगी पुण्याला पाहून झाली होती, पसंत होती. आता तिचे वडील आणि मामा घर बघायला आले होते. वडिलांच्या जागी बैठकीत दत्तूकाका बसणार, बोलणी तेच करणार, असं ठरलेलं. सकाळीच आले होते ते. कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा, काळी टोपी, खिशात अत्तराचा फाया.

पाहुणे आत आले. दत्तूकाका रीतीप्रमाणे उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि मामांचे बूट फिरवून ठेवू लागले.

मामा थबकले. “पायपोसे...” आडनाव तोंडात घोळवत म्हणाले, “म्हणजे जोड्यांचं काही काम होतं का आपल्याकडे?”

प्रश्न एवढाच. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि तो कोणता हे आम्हा सगळ्यांना समजलं. असलं तर काय बिघडलं – एवढंच विचारायचं होतं मला. तोंड नव्हतं का? यंत्रं विकताना तर तासभर चालायचं. तेव्हा मात्र मी राजा काढला, लढाई काढली, जोडे देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. मामांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी खाली बोट दाखवलं. “आणि हे कोण?”

मी म्हणालो – “हे आमच्याकडचे जुने. वरकामाला असतात.”

लिहिलं एकदाचं.

दत्तूकाकांनी मान वर केली. माझ्याकडे नाही पाहिलं, मामांकडे पाहिलं. म्हणाले, “हौ साब. बैठो आरामसे, पानी लाता.” जन्मात आमच्या घरी कुणासमोर असे बोलले नव्हते. पाण्याचा ट्रे आणला, वाकून पुढे केला – माझ्यापुढेही. मी पेला उचलला. प्यायलो. स्वयंपाकघरात आईनं विचारलं, “भाऊजी, तुम्ही का नाही बसलात बाहेर?” तर म्हणाले, अंबरपेठला तातडीचं काम निघालं. मागच्या दारानं गेले.

लग्न जमलं. पुण्याला झालं. दत्तूकाका आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. आईला खरं वाटलं. मला? मला सोयीचं वाटलं. मामा ओळखतील ही धास्ती होती ना.

लग्नानंतर बायकोला घेऊन अंबरपेठला गेलो. तिला त्यांचा फार लळा लागला. ती म्हणाली, “काका, आडनावाची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीय.” मी खुर्चीला धरून बसलो. आणि त्यांनी सांगितली – माझी! राजा, लढाई, देव्हारा. वर स्वतःचा एक घोडाही घातला, पांढरा. माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगितली. शेवटी मला म्हणाले, “क्यों मियां, बराबर ना?”

त्यानंतर खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. मीही नाही. गेल्या महिन्यापर्यंत तरी.

अजून एक आहे. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला पुण्याची मंडळी आली, मामाही. दत्तूकाकांना बोलावणं होतं. गुडघे दुखत होते. पंगती उठल्या, पाहुणे निघाले, तर दाराबाहेर सगळ्यांच्या चपला-बूट जोडीजोडीनं, टोकं बाहेर करून लावलेले. सासूबाई थक्क झाल्या. “अगं बाई, हे कुणी केलं?” मी म्हणालो, “मी. आमच्यात पद्धतच आहे तशी.”

त्या कौतुकावर मी बरीच वर्षं जगलो. भांडण झालं की बायको शेवटी म्हणायची, बाकी कसाही असलास तरी माझ्या माणसांचे जोडे तू हातानं लावलेस.

दत्तूकाका जाऊनही आता खूप वर्षं झाली. मुकुटवाला जोडा ग्रुपवर रोज दिसतो. त्या दोन चपलांच्या दिवशी मी बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं – वरकामाचा माणूस, पाण्याचा ट्रे, वाढदिवसाचे जोडे. ती रागावेल, रडेल, मामाला नाही तर मला नावं ठेवेल, सगळ्याची तयारी केली होती. तिनं यातलं काही केलं नाही. कुणाची तरी ती काळी चप्पल उचलून तिनं दाराबाहेर ठेवली, टोक बाहेर करून.

मग म्हणाली, “म्हणजे आले होते ते त्या दिवशी. आपल्या दारापर्यंत आले, आणि न जेवता गेले.”