दोन राजे मी पाहिले होते

सुजाता रामटेके. स्टुटगार्टला गाड्यांचे ब्रेक तपासणारी इंजिनिअर, मूळची नागपूरची. वेळ — गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तिसरा रविवार, दुपारचे तीन चाळीस. जागा — हॅम्बर्गमधल्या एका कॅसिनोचा हॉल, खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामधलं कमरेएवढं रेलिंग. पलीकडे ती होती, अलीकडे मी. अन्याय तिच्यावर झाला. करणारी मी.

कोण, कधी, कुठे — पत्रकात लिहितात तसं लिहिलंय, मला कळतंय. मला तेवढंच येतं. पण हे पत्रक मी कधी छापलं नाही. अभ्यासगटात बोलले नाही, आईला फोनवर सांगितलं नाही, जिच्यासोबत एका खोलीत राहते त्या मुलीलाही नाही. चौदा महिने. तुम्हाला सांगतेय, कारण माझं दुसरं पत्रक तुमच्या घरात आहे. असणारच. पिवळं, दोन्ही बाजूंनी छापलेलं — ‘हा खेळ नाही, सापळा आहे’. गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मीच तुमच्या हातात दिलं होतं.

ते पत्रक आधी समजून घ्या. हॅम्बर्गला आल्यावर इथल्या आपल्या माणसांच्या अभ्यासगटात मी सगळ्यांत लहान. बाकी सगळे नोकरीत मुरलेले, मी शिकायला आलेली आणि तोंडाळ. स्टेशनच्या आसपासच्या मशीनच्या जुगारअड्ड्यांमध्ये आपली नवी मुलं शिरताना मी पाहिली होती आणि माझं डोकं फिरलं होतं. ते पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. लोकांनी ते फ्रिजवर लावलं! एका काकूंनी मला सांगितलं की त्यांची मुलगी, जी मराठीला जर्मनमध्येच उत्तर देते, तिनेसुद्धा ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला. मला वाटलं, आपण काहीतरी आहोत. हे ‘आपण काहीतरी आहोत’ लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

आणि मग सुजाताताईचा फोन आला. पोकरच्या एका व्यावसायिक टूरची स्पर्धा हॅम्बर्गला आहे, ती उतरतेय, चार दिवस माझ्याकडे राहिली तर चालेल का? नाही कसं म्हणणार? मी जर्मनीत पाय ठेवला तेव्हा राहत्या पत्त्याची नोंदणी, डिपॉझिट, पहिली खोली, सगळं तिने स्टुटगार्टहून फोनवर निस्तरलं होतं. ती आली. फरशीवर गादी टाकून झोपली. माझं वरण खाऊन म्हणाली, याच्यात मीठ आहे का नुसता विचार आहे?

तिचं खेळणं काय होतं, तेही सांगायला हवं. मशीनसमोर बसून बटणं दाबणाऱ्यातली ती नव्हती. वर्षातून एकदा, सुट्टी काढून, एक स्पर्धा. ती माणसं ऐकायची. कामावर तसंच करायची म्हणे — टेस्टबेंचवर ब्रेक फिरत असायचा, आकडे सगळे बरोबर, आणि ही हात वर करून म्हणायची, थांबवा, आवाज बरोबर नाही. उघडून बघितलं की बारीक तडा निघायचा. तिचे सहकारी तिच्या कानाविरुद्ध पैज लावायचे नाहीत, कारण हरायचे. माणसांचंही तसंच. समोरचा थाप मारतोय की त्याच्याकडे खरोखर पत्ते आहेत, हे तिला कळायचं.

चौथ्या दिवशी, रविवारी, ती शेवटच्या टेबलावर पोचली. सकाळी आम्ही दोघींनी खोलीत पंचशील म्हटलं. दर रविवारी म्हणते मी. पाचवं शील नशेचं, बेसावध करणाऱ्या गोष्टींचं. माझं अख्खं पत्रक त्यावर उभं होतं. ते म्हणताना मी तिच्याकडे तिरकं बघितलं, हो, मुद्दाम. चौथं खोटं न बोलण्याचं. ते मी न अडखळता म्हटलं. त्याला फारतर सहा तास झाले असतील...

थांबा. येतेच त्याच्यावर.

कॅसिनोत वर गेल्यावर हॉलकडे जाणारा लांब कॉरिडॉर होता. त्या टूरचे जुने विजेते दोन्ही भिंतींवर, काचेच्या चौकटीत. ताई प्रत्येकापाशी थांबली. तिला सगळे तोंडपाठ. हा नॉर्वेचा, बोटीवर स्वयंपाकी होता, अंगात ताप असताना जिंकला. ही पोर्तुगालची शाळामास्तरीण, सबंध दिवस चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही आणि ट्रॉफी हातात आल्यावर लहान मुलीसारखी रडली. हा टोपीवाला दोनदा जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून खेळायचाच बंद झाला. मी टोमणा मारला, शहाणा दिसतोय. ती म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, त्याला जे बघायचं होतं ते बघून झालं. मलाही एकदाच बघायचंय.

ओळीच्या शेवटी एक रिकामी चौकट होती. नुसती काच. संध्याकाळी त्यात फोटो जाणार होता. ताईने त्या काचेत बघून केस नीट केले. तिच्या खांद्यामागे मीही दिसत होते, पण अंधुक — माझा चेहरा मलाच ओळखू येईना. तेव्हा ते मनावर घेतलं नाही. आता तो कॉरिडॉर मला रोज दिसतो.

आदल्या आठवड्यात काय झालं होतं? अभ्यासगटात ताईचा विषय निघाला. मेश्रामकाका, आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणाले की आपल्यातलं कुणी अशा भिंतीवर गेलेलं नाही. ती जिंकली तर जयंतीला मंचावर तिचा सत्कार करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, आणि माझं पत्रक? काका हसून म्हणाले, “अगं प्राची, तुझं पत्रक तिच्या सहीनेच वाटू की. चांगलं खपेल.”

सगळे हसले. काकांच्या मनात काही नव्हतं, ते सगळ्यांनाच असं बोलतात. माझ्या मात्र ते कानात राहिलं. घरी येईपर्यंत मी त्याला तत्त्वाचं नाव दिलं होतं. एका बाजूला जुगारविरोधी मोहीम, दुसऱ्या बाजूला जुगारात जिंकलेलीचा सत्कार — हा ढोंगीपणा नाही का? नवी मुलं काय शिकतील? कुणीतरी हे थांबवायला नको का? असे प्रश्न मला फार छान विचारता येतात.

तर, रविवार दुपार. टेबलावर दोघंच उरली होती. ताई आणि ओल्डेनबुर्गचा एक निवृत्त फरशीवाला, हिरवा स्वेटर, जाड बोटं. दोघांपुढच्या चिप्स जवळपास सारख्या. पत्ते खेळाडूंना आपापलेच दिसतात, पण हॉलमध्ये कॅमेरे असतात आणि नेटवर तो खेळ अर्ध्या तासाने दाखवतात — तिथे दोघांचेही पत्ते उघडे. म्हणून रीत अशी की खेळाडूची माणसं रेलिंगपाशी फोनवर ते बघतात आणि मधल्या सुट्टीत सांगतात, मघाशी त्याच्याकडे काय होतं. नियमात बसतं. टेबलावर इंग्रजी किंवा जर्मनच बोलावं लागतं, सुट्टीत काहीही. प्रत्येकाचं एक भरवशाचं माणूस रेलिंगवर असतं. तिचं मी होते.

तीनच्या सुमारास त्या फरशीवाल्याने आपल्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या होत्या. ताईने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि आपले पत्ते न दाखवता टाकून दिले. त्याच्याकडे खरोखर भारी पत्ते आहेत, असा तिचा अंदाज. अर्ध्या तासाने ते माझ्या फोनवर आलं. त्याच्या हातात दोन राजे होते. तिचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता.

मी ते दोन राजे पाहिले. स्पष्ट पाहिले. एक बदामचा, एक किलवरचा.

तीन चाळीसला सुट्टी झाली. ताई रेलिंगपाशी आली, पाणी प्यायली. घाम आला होता, डोळे चमकत होते. माझ्याशी बोलताना तिची नागपूरची बोली सुटायची, बाकी कुणाशी नाही.

“त्याच्यापाशी काय होतं वं?”

मी म्हटलं, “काहीच नव्हतं, ताई. थाप होती.”

एवढंच. झालं सांगून. मी हे ठरवून आले होते का? नाही म्हणायची फार इच्छा आहे. पण वाक्य तयार होतं. तोंडात तयार बसलं होतं, पत्रकाच्या मथळ्यासारखं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, “मले नाही वाटलं तसं.” आणि माझ्या गालाला थंड बाटली लावून परत गेली. तिने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय? मराठीत सांगितलं होतं. सकाळी शील म्हटलेल्या तोंडाने.

पाचच्या सुमारास फरशीवाल्याने पुन्हा सगळं पुढे ढकललं. तसाच बसलेला, तशीच बोटं. ताई बघत राहिली. मला शपथेवर सांगता येईल की तिला तेव्हाही खरं ऐकू येत होतं — थांबवा, आवाज बरोबर नाही. तिने एकदा मान वळवून रेलिंगकडे पाहिलं. मी फोनमध्ये बघत होते. फोनवर काहीच नव्हतं, मी बंद पडद्याकडे बघत होते. मग तिने आपल्याही चिप्स पुढे केल्या. त्याने पत्ते उलटे केले. या वेळीही खरे. दहा मिनिटांत तिचं उरलंसुरलं संपलं आणि चौकटीत हिरवा स्वेटर गेला.

परतीच्या S-बान लोकलमध्ये ती मला समजावत होती. मला! म्हणाली, तू नीट बघून सांगितलंस, चूक माझी; जेव्हा थाप होती तेव्हा मला खरं वाटलं, खरं होतं तेव्हा थाप वाटली; आल्झो, म्हणजे माझा कान गेला. पाऊस लागलेल्या काचेकडे बघत म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं ताई, सुटलीस. हेही बोलले मी.

ती सुटली नाही. कान खरंच गेलाय का हे तपासायला ती दर शनिवारी खेळायला जाऊ लागली. जी वर्षातून एकदा खेळायची, ती. आणि कामावर — हे तिने सहज सांगितलं, मी बसून ऐकलं — टेस्टबेंच सोडून तिने कागदपत्रांच्या विभागात बदली मागितली. ब्रेकचा आवाज ऐकून हात वर करायची तिला भीती वाटायला लागली होती. आता तिथे कोण ऐकतं? त्या गाड्या रस्त्यावर आहेत. मी रस्ता ओलांडताना प्रत्येक करकरीला थबकते.

यावर मी काय केलं? पत्रक पुन्हा छापलं, जयंतीसाठी. मागच्या पानावर, चौथ्या ओळीपासून — ‘एक इंजिनिअर, अंतिम फेरीपर्यंत पोचलेली, आज दर शनिवारी त्याच टेबलावर बसते, या खेळाने तिचा स्वतःवरचा विश्वास हिरावून घेतला’. नाव घातलं नाही. माझ्या मते ते सभ्यपणाचं होतं. काकांनी शाबासकी दिली. पत्रक स्टुटगार्टलाही गेलं. ताईने वाचून मला लिहिलं, “बरोबर लिहिलंस. मला आधी मिळालं असतं तर.”

त्या दिवसाचं चित्रण नेटवर पडून आहे. चौदा महिने कुणीही उघडून बघावं. ताईने बघितलं नव्हतं, तिला धीर होत नव्हता. ईस्टरच्या आधी फोन आला — या सुट्टीत वही घेऊन बसते म्हणाली, एकेक डाव बघते, कुठे चुकले ते एकदा कळू दे. आवाज शांत होता. तुला वेळ असेल तर तूही ये, म्हणाली.

मी गेले नाही. ईस्टर होऊन गेला. ती दर दोन दिवसांनी काहीतरी पाठवायची — भाजीचा फोटो, ट्रेन रद्द झाल्याच्या शिव्या. आता काही येत नाही.

म्हणजे चित्रण तिने बघितलं असेल, आणि त्यानंतर मी बोलतेय. याला धैर्य म्हणू नका. आज सकाळी हा मजकूर तिला आधी पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. तीन तास झाले. उत्तर नाही. ते मागायचा हक्क मला नाही, आणि माफीचा तर नाहीच.

तुमच्याकडे एक काम आहे. ते पिवळं पत्रक फ्रिजवरून काढा. फाडू नका. मागचं पान, चौथ्या ओळीपासून पुढे. ‘या खेळाने’ असं छापलंय, ते खोटं आहे. पेन घ्या, ते दोन शब्द खोडा आणि तिथे लिहा — प्राची वानखडेने. मग परत लावा.