वनमाला धुरीचा डावा कान

वनमाला धुरी मरोळच्या एका रेकॉर्ड फॅक्टरीत चौदा वर्षं गाणी ऐकत होती, पण गाणं म्हणून त्यातलं एकही तिने ऐकलं नव्हतं. तिचं काम चूक ऐकण्याचं. प्रेसमधून गरम रेकॉर्ड निघायच्या, थंड व्हायच्या, आणि शंभरातली एक तपासणीच्या खोलीत यायची. तिथे सहा बायका कानांना हेडफोन लावून बसायच्या. कुठे खरखर आहे, कुठे टक्‌ वाजतंय, कुठे सूर हेलकावतोय, ते पकडायचं. रेकॉर्ड बिनखोट असली की तिच्या पाकिटावर आपल्या नंबराचा रबरी शिक्का मारायचा. वनमालाचा नंबर चार. शेजारच्या टेबलावर माणिक सावंत बसायची, तिचा पाच.

वनमालाचा कान असा तयार होता, की सुईवर धूळ बसलीय की रेकॉर्डमध्येच खोट आहे, हे ती दोन फेऱ्यांत सांगायची. सुपरवायझर शरच्चंद्र कर्णिक पार्ल्याचे, घरी गाण्याच्या बैठका भरवणारे. तेही अडलं की म्हणायचे, "धुरीबाईंना द्या. त्या म्हणतील ते खरं."

घरी, जोगेश्वरीच्या चाळीत, फक्त वडील होते. धाकू धुरींनी परळच्या गिरणीत तीस वर्षं माग चालवले होते आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवले होते. दारात कोण आलं, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, शेजारी कोण कोणाशी भांडतंय, सगळं वनमाला त्यांना ओरडून सांगायची. "मोठ्यान सांग गो," हे तिने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की बहिरेपण म्हणजे काय ते तिला कोणी समजावायची गरज नव्हती.

चौऱ्याऐंशी साली परदेशी रॉकने कहर केला. तोवर फॅक्टरी हिंदी सिनेमांच्या गाण्यांवर चालायची, इंग्रजी रेकॉर्ड निघायच्या त्या काही शेकड्यांत. त्या वर्षी मात्र विलायतेत आणि अमेरिकेत एकामागून एक अल्बम गाजायला लागले. दर सोमवारी विक्री खात्यातला कोणीतरी तिकडची यादी नोटीस बोर्डावर लावायचा. कुठली रेकॉर्ड पहिल्या नंबरावर, कुठली किती आठवडे टिकून. मग त्याच रेकॉर्डसाठी वांद्रे, बंगलोर, शिलाँगहून हजारांनी मागणी यायची आणि प्रेस दोन पाळ्या चालायचा.

वनमालाला इंग्रजीचा गंध नव्हता. तिने त्या रेकॉर्डना आपली नावं दिली होती. एक पत्रे पाडणारी, एक रडणाऱ्या बाप्याची, एक सायरनवाली. "आज पुन्हा पत्रे पाडणारीच," ती माणिकला म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

पण या गाण्यांत चूक सापडणं कठीण होतं. ड्रमच्या दणक्याखाली बारीक टक्‌ लपून जायचं. ते ऐकायचं तर आवाज वाढवावा लागायचा. रोज आठ तास, वर ओव्हरटाइम. ऑगस्टमध्ये वनमालाच्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. आधी फक्त संध्याकाळी, मग सकाळी उठल्यापासून. सप्टेंबरात एक दिवस सायरनवाली ऐकताना तिला वाटलं, यात गिटार होती, ती कुठे गेली? तिने हेडफोन उलटा लावला, डावीकडचा उजव्या कानावर. गिटार होती तिथेच होती.

तिने जेवणाच्या सुट्टीत माणिकला सांगितलं.

"कर्णिकांना सांग," माणिक म्हणाली.

"सांगितलं तर या खोलीत ठेवतील का मला? कान गेलेली बाई इथे काय करणार?"

"अगं, पॅकिंगला पाठवतील."

"आणि नाही पाठवलं तर? बाबांना कुठे नेऊ मी?"

माणिकने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "नव्या ठशाची पहिली रेकॉर्ड मला देत जा. ती मी ऐकीन. बाकीच्या तू ऐक, हेडफोन उलटसुलट करून."

ज्या धातूच्या ठशावरून रेकॉर्ड छापतात, त्यातच चरा असला तर प्रत्येक प्रतीत ती खोट उतरते. म्हणून नव्या ठशाची पहिली प्रत महत्त्वाची. सहा आठवडे माणिकने आपलं काम करून वर वनमालाच्या वाट्याच्या पहिल्या प्रतीही ऐकल्या आणि त्यांवर पाचचा शिक्का मारला. कोणाला पत्ता लागला नाही.

दिवाळीच्या तोंडावर, यादीत पहिल्या नंबरावर असलेल्या अल्बमचा नवा ठसा लागला. पहिली प्रत वनमालाच्या टेबलावर आली आणि त्याच वेळी गेटवरून निरोप आला, माणिकची मुलगी कुंदा शाळेत पडलीय, फोन आहे. माणिक धावत गेली. प्रेसवरचा चंद्रप्रकाश दारात येऊन उभा राहिला.

"बाई, प्रेस तापवून ठेवलाय. हो की नाही, एवढंच बोला."

वनमालाने रेकॉर्ड ऐकली. उजव्या कानाला सगळं स्वच्छ होतं. हेडफोन उलटा लावून पुन्हा ऐकायची तर आणखी पाऊण तास गेला असता. चंद्रप्रकाश दाराच्या चौकटीवर बोटं वाजवत होता. माणिकची खुर्ची रिकामी होती आणि तिचा शिक्का तिच्या टेबलावर, शाईच्या डबीशेजारी. वनमालाचा हात आपल्या शिक्क्याकडे गेला. मग तो पुढे गेला आणि तिने पाच नंबरचा शिक्का उचलून पाकिटावर मारला.

माणिक परत आली, तेव्हा पाकीट टेबलावरच होतं. "कुंदाच्या हाताला लागलंय, मोडलं नाही," एवढंच बोलून ती खुर्चीत बसली.

चार हजार प्रती गेल्या. तीन आठवड्यांत दुकानांतून खोकी परत यायला लागली. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, वाद्यं शांत होतात तिथे, डावीकडे दर फेऱ्याला टक्‌ वाजत होतं.

कर्णिकांनी तपासणीच्या सगळ्या बायकांना केबिनमध्ये उभं केलं. हातात ते पाकीट होतं. "माणिकबाई, शिक्का तुमचा आहे."

"ही मी ऐकलेली नाही, साहेब."

"मग कोणी ऐकली?"

माणिकने वनमालाकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं, जसं बसस्टॉपवर उभं राहून रस्त्याच्या टोकाकडे पाहतात. वनमालाच्या कानात शिट्टी चालू होती. ती जमिनीकडे पाहत राहिली.

"माहीत नाही," माणिक शेवटी म्हणाली.

दोन दिवसांनी माणिकचं टेबल रिकामं झालं.

तिसऱ्या दिवशी वनमाला कर्णिकांच्या केबिनमध्ये गेली आणि एका दमात सगळं बोलली. कान, उलटा हेडफोन, शिक्का. कर्णिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?"

कर्णिकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आता कागद वर गेलाय. मी हे वर सांगितलं, तरी माणिकबाई परत येणार नाहीत. संगनमत म्हणतील. तुम्हीही जाल, आणि माझ्या हाताखाली हे चाललं होतं म्हणून मलाही विचारतील." ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "नाताळचा माल निघायचाय. टेबलावर जाऊन बसा, धुरीबाई."

आणि ती जाऊन बसली. नंतर तिला स्वतःची सगळ्यात जास्त शरम वाटली ती याची. शिक्का मारला तो एका क्षणात, भीतीने. पण केबिनपासून टेबलापर्यंतची वीस पावलं ती चालत गेली होती.

पुढचे पाच महिने तिने रेकॉर्ड तपासल्या. कोणीच काही विचारलं नाही. दुकानांत तोवर कॅसेटींचे ढीग लागले होते. पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये प्रेस बंद झाला आणि उरलेल्या पाचही जणींना कामावरून कमी केल्याचं एकसारखं पत्र मिळालं.

पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी ती दिंडोशीला माणिकच्या घरी गेली. माणिक दारात बसून ब्लाउजला हूक लावत होती. बाजूला कापडाचं गाठोडं होतं. तिने वनमालाला बसायला पाट दिला, पाणी दिलं. वनमालाने शिक्क्याचं सांगायला सुरुवात केली, तर माणिकने हाताने थांबवलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. मी आले, तेव्हा शाई ओली होती."

"मग साहेबांसमोर बोलली का नाहीस?"

माणिकने दातांनी दोरा तोडला.

"मला वाटलं, तू बोलशील."

कुंदा शाळेतून आली, आईला बिलगली, पाहुणीकडे पाहून आत गेली. माणिकने पुढचा ब्लाउज उचलला. जायला निघालेल्या वनमालाला तिने अडवलं नाही आणि पुन्हा ये असंही म्हटलं नाही.

वनमाला गोरेगावला एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायला लागली. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं की डाव्या कानाची नस मेलीय, उजवीही जाईल. उजवी अठ्ठ्याऐंशी साली गेली. त्या घरात मग दोन बहिरी माणसं खाणाखुणांनी बोलत राहिली, आणि दारावर कोणी थाप मारली तर शेजारची शेवंती आत येऊन सांगायची.